आशादेवी आणि आभाळाखालची शाळा

लहान मुलांना चार भिंतींतून बाहेर काढून झाडांच्या सावलीत, मातीपाण्याच्या संगतीत शिकवावे, हा विचार अलीकडे शहरांतून पुन्हा मूळ धरू लागला आहे. त्यासाठी खास आवारे आखली जातात, वाळूचे हौद बांधले जातात, कृत्रिम टेकड्या उभ्या राहतात आणि या सोयींच्या मानाने शुल्कही आकारले जाते. विचार स्तुत्य आहे. मात्र तो परदेशातून आलेला एखादा नवा शोध आहे अशी जी समजूत सुशिक्षित पालकांत दिसते, ती दूर करणे अगत्याचे आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम या खेड्यात हा प्रयोग स्वातंत्र्यापूर्वीच झाला, तोही श्रीमंतांच्या मुलांसाठी नव्हे, तर शेतमजुरांच्या मुलांसाठी. या प्रयोगामागे ज्या व्यक्ती उभ्या होत्या त्यांत आशादेवी आर्यनायकम यांचे स्थान अग्रभागी होते. त्यांचे नाव बहुधा त्यांच्या पतीच्या नावाला जोडून घेतले जाते आणि तेवढ्यावरच थांबते. त्यांच्या आयुष्याचा ओघ समजून घेतला, तर लहान मुलांच्या शिक्षणाविषयीच्या आजच्या अनेक प्रश्नांवर प्रकाश पडेल.

आशादेवींचा जन्म १९०१ साली लाहोरला एका बंगाली कुटुंबात झाला. वडील फणिभूषण अधिकारी हे प्राध्यापक होते. आईचे नाव सरजूबाला. लाहोरनंतर कुटुंब काशीस आले आणि आशादेवींची घडण त्या विद्यानगरीत झाली. त्यांची धाकटी बहीण म्हणजे पुढे लेडी रानू मुखर्जी या नावाने कलाजगतात प्रसिद्धी पावलेल्या रानू. त्यांच्या बालपणी रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना लिहिलेली पत्रे बंगाली साहित्यात मानाचे स्थान मिळवून बसली आहेत. अशा सुसंस्कृत घरात आशादेवींनी एम.ए.पर्यंतचे शिक्षण घेतले आणि काशीच्या महिला महाविद्यालयात अध्यापनास आरंभ केला. त्या काळी एवढे शिकलेल्या स्त्रीपुढे प्रतिष्ठेचा आणि स्थैर्याचा मार्ग मोकळा होता. तो सोडून त्या शांतिनिकेतनात मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी घेण्यास गेल्या.

ज्या वर्षी आशादेवी जन्मल्या, त्याच १९०१ सालच्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी बोलपूरच्या माळावर मूठभर विद्यार्थी घेऊन आपले विद्यालय सुरू केले होते. झाडाखाली वर्ग भरवण्याची तेथील पद्धत सर्वश्रुत आहे. इंग्रजी राजवटीने रूढ केलेल्या बंदिस्त शाळेचा स्वतः रवींद्रनाथांना बालपणी जाच झाला होता आणि त्या अनुभवातूनच ही मोकळी शाळा जन्मली. ऋतूंचे येणेजाणे हा तेथील अभ्यासक्रमाचा भाग होता. पावसाचे स्वागत गाण्याने आणि वृक्षारोपणाने होई. मुलाच्या मनाला सौंदर्याची भूक असते आणि ती निसर्गाच्या सान्निध्यात भागते, हा संस्कार आशादेवींनी येथे घेतला. येथेच त्यांची ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांच्याशी भेट झाली. जाफन्याकडचे हे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ रवींद्रनाथांचे सचिव म्हणून काम पाहत होते. दोघांचा विवाह झाला. काशीची बंगाली हिंदू कन्या आणि सिंहलद्वीपातील तमिळ ख्रिस्ती तरुण यांचा हा संसार पुढे मराठी मुलखातील एका खेड्यात स्थिरावला, ही गोष्ट आपल्या राष्ट्रीय चळवळीच्या व्यापकपणाची साक्ष देते.

१९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास हे दांपत्य गांधीजींच्या प्रभावाने वर्ध्यास आले. जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या मारवाडी विद्यालयाची, म्हणजेच पुढच्या नवभारत विद्यालयाची, धुरा आर्यनायकमांनी घेतली आणि आशादेवीही त्या कामात सहभागी झाल्या. याच विद्यालयात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ती ऐतिहासिक शिक्षण परिषद भरली, जिच्यातून वर्धा योजना जन्मास आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा अशी मंडळी होती आणि त्यांच्या बरोबरीने आशादेवीही होत्या. सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मातृभाषेतून, हातोद्योगाच्या द्वारे, मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात केली. पुढील वर्षी हरिपुरा काँग्रेसने योजनेस मान्यता दिली, हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला, आर्यनायकम त्याचे मंत्री झाले आणि संघाचे कार्यस्थान सेवाग्राम ठरले.

या योजनेत एक उणीव होती. सातव्या वर्षी मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या प्रकृतीचा, सवयींचा आणि वाणीचा पाया घातला गेलेला असतो. मग त्याआधीच्या वर्षांचे काय? ज्या घरात आई पहाटे निंदणाला किंवा कापूस वेचायला जाते आणि दिवेलागणीला परतते, तेथे तीन वर्षांचे मूल दिवसभर पाच-सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. म्हणजे लहान मुलाची आबाळ आणि थोरल्या मुलीची निरक्षरता या दोन्ही गोष्टी एकाच उंबरठ्यावर जन्मतात. सात वर्षांवरील मुलींना शाळेत आणायचे तर सात वर्षांखालील भावंडांची सोय लावणे भाग आहे, हे गणित कागदावरील योजनेपेक्षा खेड्यातील प्रत्यक्ष वास्तव्यातच लवकर उमगते.

ते खेडे कसे होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. वर्धा शहरापासून सात-आठ किलोमीटरवरचे शेगाव हे जमनालालजींच्या मालगुजारीतले लहानसे गाव. वस्तीत दलित कुटुंबांचे प्रमाण मोठे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर तेथे राहावयास आले. त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांना हिवतापाने गाठले आणि उपचारासाठी वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले. विदर्भातील प्रसिद्ध शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. काळी कसदार जमीन, पावसाळ्यात पायाला चिकटून न सुटणारा चिखल, उन्हाळ्यात होरपळून काढणारे ऊन, असा हा निसर्ग आहे. बोलपूरच्या सालवनातील काव्य घेऊन येथे आलेल्या कोणाही माणसाला पहिला प्रश्न पडावा तो हा, की येथील मुलांना निसर्गाजवळ नेण्याची भाषा करण्यात अर्थ तरी काय? ती मुले तर जन्मतःच उघड्यावर होती. माती त्यांच्या अंगावर होती, माशा डोळ्यांवर होत्या, पाणी होते ते दूषित होते.

आशादेवींच्या कार्याचे मर्म येथे आहे. शांतिनिकेतनात मुलाला निसर्ग द्यावयाचा होता. सेवाग्रामात निसर्गाशी मुलाचे नाते बदलावयाचे होते. ज्या मातीत मूल केवळ लोळत होते, त्या मातीत त्याने बी पेरावे, उगवण रोज पाहावी, तिची राखण करावी. ज्या विहिरीचे पाणी आजार आणत होते, त्या पाण्याची स्वच्छता त्याने लहानपणीच ओळखावी. ज्या झाडाखाली ते नुसते टाकून दिलेले असे, त्याच झाडाखाली कोणी जाणते माणूस त्याच्याशी बोलावयास बसावे. उघडी जागा आपोआप शाळा होत नाही. तेथे लक्ष देणारे माणूस आले, दिवसाला क्रम आला आणि मुलाच्या हाताला त्याच्या बेताचे काम मिळाले, म्हणजे तिची शाळा होते. रवींद्रनाथांकडून घेतलेली सौंदर्यदृष्टी आणि गांधीजींकडून घेतलेली श्रमनिष्ठा यांचा असा संगम फार थोड्या शिक्षकांच्या ठायी झाला असेल.

१९४४ मध्ये कारावासातून सुटल्यावर गांधीजींनी नयी तालीमची मर्यादा वाढवली. शिक्षण हे जन्मापासून मरणापर्यंतचे आहे, अशी व्यापक मांडणी केली. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे टप्पे आखले गेले. सात वर्षांखालील मुलांसाठी असलेल्या पूर्वबुनियादी शिक्षणाचे प्रत्यक्ष काम सेवाग्रामात शांताबाई नारूलकर यांनी केले आणि त्याची आखणी व अनुभव पुस्तकरूपाने मांडले. आशादेवींनी या कामास तालीमी संघात मानाचे स्थान मिळवून दिले. अंगाची आणि परिसराची स्वच्छता, सकस आहार, आरोग्याची देखभाल, एकमेकांशी वागण्याचे वळण, हातांनी काहीतरी घडवणे आणि निसर्गाचे निरीक्षण, अशी या शिक्षणाची अंगे होती. अक्षरओळख हा त्याचा आरंभ नव्हता. साधने बाहेरून विकत आणावयाची नाहीत, गावात जे मिळते त्यातूनच ती उभी करावयाची, हा दंडक होता. चिंचोके, कवड्या, गोटे, पाने, कापसाची बोंडे, चिकणमाती हे सर्व मोजण्याचे, लावण्याचे, रंगवण्याचे साहित्य होऊ शकते, हे खेड्यातल्या आईला पटण्यासारखे होते. कारण ती वस्तू तिच्या घरी होती आणि शाळेने तिला मोल दिले होते. पुढे शांतिनिकेतनातच शिकलेले चित्रकार देवीप्रसाद १९४४ पासून सेवाग्रामात कलाशिक्षक झाले आणि मुलांच्या चित्रांना व मातीकामाला त्यांनी या शिक्षणात हक्काची जागा दिली.

या विचाराचे नातेवाईक जगभर आहेत. जर्मनीत फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला नावच मुलांची बाग असे दिले आणि प्रत्येक मुलाला वाफा नेमून देण्याची पद्धत घातली. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ मध्ये उघड्या हवेतील बालशाळा काढली. कोंदट खोल्यांत खुरटणारी कामगारांची मुले बागेत वाढवावीत, हा त्यांचा ध्यास होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी दादरच्या शिशुविहारानंतर १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी व कुरणशाळा चालवल्या. गुरे राखणारे मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच कुरणात जावे, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. फ्रोबेलची बाग, कोसबाडचे कुरण आणि सेवाग्रामचा वाफा यांत एक सूत्र समान आहे. मुलाच्या जगण्याची जी जागा, तीच त्याच्या शिकण्याची जागा व्हावी.

आशादेवींचा हा विचार केवळ हिरव्या शिवारावर अवलंबून नव्हता, हे फाळणीनंतर सिद्ध झाले. सरहद्द प्रांताकडून आलेल्या निर्वासितांसाठी फरीदाबाद येथे नवे नगर वसवले जात होते, तेव्हा तेथील शिक्षणाची जबाबदारी तालीमी संघाने घेतली आणि आर्यनायकम पतिपत्नी त्या कामी राबली. तेथे ना परसबाग होती, ना गावकीचे जुने अंगण. होती ती उखडलेली कुटुंबे आणि बांधकामाची धूळ. घर उभारणाऱ्या मोठ्यांच्या शेजारी मुलांचे शिक्षणही त्या उभारणीतूनच व्हावे, हा नयी तालीमचा दृष्टिकोन तेथे कसोटीस लागला.

१९५४ मध्ये, पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, आशादेवींना पद्मश्री प्रदान करण्यात आली. तथापि सन्मानाच्या या काळातच त्यांच्या कार्याची पीछेहाट सुरू झाली होती, हे कटू असले तरी सत्य आहे. गांधीजी १९४८ मध्येच गेले होते. सरकारांनी मूलोद्योग शिक्षणाचा ठराव स्वीकारला, पण तकली हातात देऊन त्याचा आत्मा बाहेरच ठेवला. पालकांचाही एक रास्त आक्षेप होता. पिढ्यान्‌पिढ्या मातीत राबलेल्या दलित व श्रमिक कुटुंबांना आपल्या मुलांनी शाळेतही मातीतच हात घालावेत, हे रुचले नाही. त्यांना पुस्तक हवे होते, इंग्रजी हवी होती, कचेरीची पायरी हवी होती. या मागणीला अज्ञान म्हणणे हा अन्याय होईल. श्रमाची प्रतिष्ठा सर्वांच्या मुलांना सारखी शिकवली गेली असती, तर तिचे ओझे केवळ गरिबांच्या मुलांवर पडले नसते. पुढे तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६७ मध्ये आर्यनायकम गेले आणि १९७२ मध्ये आशादेवींची जीवनयात्रा संपली.

त्यांच्या पश्चात तीनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना जे नाव मिळाले ते कोसबाडच्या प्रयोगातून आले होते: अंगणवाडी. आज देशात अशी सुमारे चौदा लाख केंद्रे आहेत. जगात लहान मुलांसाठी एवढी मोठी व्यवस्था क्वचितच असेल. पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद या बाबतीत तिने केलेले काम नाकारण्याजोगे नाही. मात्र अनेक अंगणवाड्यांत वाडी नाही आणि अंगणही नाही. एक खोली, भिंतीवर रंगवलेले आंब्याचे झाड, रंगवलेला मोर, आणि त्या चित्रांखाली सतरंजीवर बसवलेली मुले! खिडकीबाहेर खरा कडुनिंब उभा असतो, त्याच्या निंबोळ्या खाली पडलेल्या असतात, आणि आत मुलांकडून भिंतीवरील झाडाचे नाव वदवून घेतले जाते. अंगणवाडी सेविकेस दोष देण्यात अर्थ नाही. नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि आता भ्रमणध्वनीवर भरावयाची माहिती यांत तिचा दिवस खर्ची पडतो. मुलांबरोबर बाहेर बसण्यास तिला वेळ उरतो कुठे?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून व कृतीतून शिक्षणाचा पुरस्कार केला. सेवाग्रामात हेच पाऊणशे वर्षांपूर्वी मांडले गेले होते. दरम्यान विज्ञानानेही या बाजूने कौल दिला आहे. मोकळ्या उजेडात रोज वेळ घालवणाऱ्या मुलांत लांबचे अंधुक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात आढळतो, हे आता सर्वमान्य आहे. खुद्द सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू झाली असून शेती, स्वयंपाक, कताई यांतून तेथे मुले शिकतात. तेव्हा हा विचार मेला आहे, असे कोणास म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो एका आवारातील दिवा जिल्हाभर कसा न्यावा हा.

यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही, हे आशादेवींच्या कार्यातून स्पष्ट दिसते. वर्धा जिल्हा परिषदेने मनात आणले तर प्रत्येक अंगणवाडीस कुंपण घातलेला जमिनीचा एक तुकडा मिळू शकेल. गावठाणात तो नसेल तर प्राथमिक शाळेच्या आवारातून काढून देता येईल. त्यात सावली देणारे एक मोठे झाड, मुलांच्या हाताला पोचेल असे पाणी, भाजीचे चार वाफे आणि मातीचा एक ढीग असला, की वर्गाचे साहित्य पुरे झाले. वर्ध्याचे ऊन पाहता फाल्गुनापासून मृगापर्यंत बाहेरचा वेळ सकाळी लवकर ठेवावा लागेल आणि पावसाळ्यात विंचूकाट्याच्या धास्तीने गवत छाटून ठेवावे लागेल. ही व्यवहाराची कलमे आहेत. ती टाळून निसर्गाचे गोडवे गाणारा सेवाग्रामच्या परंपरेचा नव्हे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असताना आदल्या आठवड्यात मुलांनी मातीचे बैल घडवावेत, पऱ्हाटीला बोंड धरले की ते फोडून सरकी मोजावी, पळस फुलला की त्याच्या फुलांचा रंग काढावा. वर्षभराचा अभ्यासक्रम या जिल्ह्याच्या शिवारातच लिहिलेला आहे.

याहून अवघड असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे सेविकेचा वेळ. तिच्या कामाच्या तासांतून किमान दोन तास कागदपत्रांपासून मुक्त करून मुलांसाठी राखून ठेवणे आणि तिच्या प्रशिक्षणात परसबाग, मातीकाम व निरीक्षण यांना स्थान देणे, हे शासनाच्या हाती आहे. त्याचबरोबर ही मुभा खेड्यातील गरिबांच्या मुलांपुरती ठेवून शहरातील सुखवस्तूंच्या बालवाड्यांना टेबलखुर्चीत बसवले गेले, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची चूक पुन्हा घडेल. वर्ध्यातील वकिलाचे मूल आणि देवळीतील शेतमजुराचे मूल या दोघांनीही वाफ्याला पाणी घातले पाहिजे आणि दोघांनाही पुढे पुस्तक तेवढ्याच हक्काने मिळाले पाहिजे.

एम.ए. झालेल्या, महाविद्यालयात शिकवलेल्या, रवींद्रनाथांच्या परिसरात वावरलेल्या एका स्त्रीने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या नखांची, नाकांची आणि वाफ्यांची चिंता वाहणाऱ्या संस्थेत घालवली, यात तिला काही कमीपणा वाटला नाही. सर्वांत लहान मुलासाठी सर्वांत जाणता शिक्षक हवा, हे तत्त्व तिने आचरणाने मांडले. आपली व्यवस्था मात्र आजही या उलट क्रमाने चालते: मूल जितके लहान, तितका शिक्षकाचा मान आणि मोबदला कमी. सेवाग्रामला येणारे पर्यटक बापूकुटी पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. त्यांच्याबरोबर येणाऱ्या मंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी परतीच्या वाटेवर एखाद्या अंगणवाडीपाशी गाडी थांबवून, तिला अंगण आहे की नाही एवढे जरी पाहिले, तरी आशादेवींच्या स्मृतीस ते योग्य अभिवादन होईल.